युद्धकाळातले न्यायाधीश : रामशास्त्री प्रभुणे

लखनौला रात्री गाडीत बसले की सकाळी काशी येते. घरी महाराष्ट्रातून पाहुणे आले की हा प्रवास आपल्या सर्वांना ठरलेलाच! अठराव्या शतकात साताऱ्याजवळच्या माहुलीचा एक तरुण शिकण्यासाठी याच काशीला आला. तेव्हा रेल्वे नव्हती आणि काशी अवधच्या नवाबांच्या ताब्यात होती. धर्मशास्त्राचे अध्ययन करून तो परतला आणि १७५९ साली पेशव्यांचा मुख्य न्यायाधीश झाला. तेच रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्र्यांचा निःस्पृहपणा आपण लहानपणापासून ऐकतो. १९४४ साली प्रभातने त्यांच्यावर चित्रपटही काढला. पण ते कोणत्या काळात त्या पदावर होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १७६१ साली पानिपत झाले. त्या लढाईत आपल्या अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने होता. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. त्याच वर्षी राक्षसभुवनची लढाई झाली. मग हैदरवरच्या मोहिमा आणि १७७५ ते १७८२ इंग्रजांशी युद्ध. म्हणजे शास्त्रीबुवांच्या चाकरीत शांततेची वर्षे थोडीच आली. तरीही न्यायासन चालूच राहिले.

थोरले माधवराव काही काळ जपजाप्यात फार वेळ घालवू लागले होते. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर पेशवे जपाला बसलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. त्यांचे म्हणणे असे की, ब्राह्मणाचे कर्मच करायचे असेल तर दोघेही गंगाकाठी जाऊन बसू. राज्य करायचे असेल तर रयतेकडे पाहिले पाहिजे. माधवरावांनी ते मानले.

खरी कसोटी पुढे आली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादा पेशवे झाले. निजाम आणि हैदर यांच्यावर मोहिमेची तयारी सुरू झाली. अशा वेळी "आधी शत्रू, मग चौकशी" असे म्हणणे किती सोपे होते! शास्त्रीबुवांनी मात्र चौकशी केली आणि माग थेट राघोबादादांपर्यंत नेला. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात सांगतो की, दादांनी प्रायश्चित्त विचारले तेव्हा शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. तुम्ही राज्यावर असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे बजावून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

ती शिक्षा अमलात आली नाही. राघोबादादा इंग्रजांना मिळाले, सालबाईचा तह झाल्यावर कोपरगावी राहिले आणि १७८३ साली वारले. मग शास्त्रीबुवांच्या निकालाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. न्यायाधीशाच्या हाती फौज नसते. त्याच्या हाती असतो फक्त निकाल आणि स्वतःची चाकरी. त्यांनी निकाल दिला आणि चाकरी सोडली. नवे पेशवे खुनाचे दोषी आहेत, हे राज्याच्याच मुख्य न्यायाधीशाने सांगितले होते. पुढे बारभाईंनी दादांविरुद्ध कारभार हाती घेतला आणि शास्त्रीबुवांना सन्मानाने परत बोलावले. १७८९ साली ते निवर्तले.

मी रेल्वेतला डिप्लोमावाला माणूस. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण एक गोष्ट आमच्या खात्यात रोज पाहतो. रुळात दोष दिसला तर गाडी कितीही महत्त्वाची असो, वेगमर्यादा लावावीच लागते. वरून फोन येतात, उशिराची कारणे विचारली जातात. त्या घटकेला सही करणाऱ्याची परीक्षा असते. घाई नसताना नियम कोणीही पाळतो!

आपण घरापासून दूर इथे लखनौत दरवर्षी बुद्धिदात्याची स्थापना करतो. घाईच्या वेळीही चुकीला चूक म्हणण्याची बुद्धी त्याने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.