वाहून गेलेली माती आणि एक स्कॉटिश शेतकरी

आजचा भाग जरा दगडी आहे. म्हणजे खरोखरच दगडांबद्दल आहे, पण ऐका, कंटाळा नाही येणार.

झालं असं की माझी ताई झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवते. गोदावरीच्या खोऱ्यातलं गाव. ती म्हणाली, "एक तास ये आणि खडकचक्र शिकवून दाखव. माझी पोरं 'अग्निज, स्तरित, रूपांतरित' असं पाढ्यासारखं म्हणतात, पुढे ठणठणाट."

मी गेलो. सोबत घेतला एक वरवंटा, शहाबादी फरशीचा तुकडा आणि देव्हाऱ्याच्या संगमरवराचा एक टवका. वरवंटा म्हणजे आपला काळा कातळ, बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. शहाबादी म्हणजे चुनखडक, पाण्याखाली थरावर थर साचून झालेला. आणि तसाच चुनखडक जमिनीत खोल उष्णतेत आणि दाबाखाली सापडला की त्याचा संगमरवर होतो. तिन्ही प्रकार पोरांच्या घरातच होते, फक्त कुणी ओळख करून दिली नव्हती.

मग मेणाचे खडू किसले. कीस म्हणजे वाळू. हाताने दाबला की थर. कोमट पाण्यात धरून पुन्हा दाबला की रूपांतरित. वितळवून थंड केला की अग्निज. सगळे खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "दादा, यंदा पावसात आमच्या शेतातली माती ओढ्याला गेली. ती दगड होऊन परत येणार का?"

वर्ग हसला. मी नाही हसलो, कारण जवळजवळ हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता.

जेम्स हटन. जन्म १७२६, एडिंबरा. शिकला डॉक्टरकी, पण केली शेती. स्कॉटलंडच्या त्याच्या शेतावर पाऊस माती धुऊन नेतो, ती नदीत आणि नदीतून समुद्रात जाते, हे तो वर्षानुवर्षं बघत होता. साधा हिशेब होता. झिजच चालू राहिली तर एक दिवस जमीनच उरणार नाही. मग अजून उरली कशी? म्हणजे कुठेतरी नवी जमीन तयार होत असणार. समुद्रतळाचा गाळ दगड होत असणार आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता तो पुन्हा वर उचलत असणार. १७८५ साली त्याने हे एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

तेव्हा युरोपात अनेकांच्या मते पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं. त्यातून जर्मनीतल्या फ्रायबर्गचा वर्नर हा मोठा प्राध्यापक सांगत होता की बेसाल्टसुद्धा पाण्यातूनच साचला. आपल्या सह्याद्रीवर उभं राहून हे ऐकायला गंमत वाटते, पण तेव्हा या मताला भरपूर मान होता.

हटनला पुरावा हवा होता. १७८८ मध्ये तो जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल या मित्रांसोबत होडीने सिकर पॉइंटला गेला. तिथल्या कड्यात खाली करड्या खडकाचे थर पुस्तकं उभी लावावीत तसे उभे, आणि त्यांच्यावर तांबड्या वाळूच्या खडकाचे जवळजवळ आडवे थर. आता विचार करा. गाळ साचतो आडवा. म्हणजे खालचे थर आधी साचले, दगड झाले, उचलले गेले, उभे झाले, झिजले. मग त्यांच्यावर पुन्हा वाळू साचली, तिचाही दगड झाला आणि तोही वर आला. सहा हजार वर्षांत हे बसतंय कुठे? आज आपल्याला माहीत आहे की खालचे थर सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आणि वरचे सुमारे ३७ कोटी. मधली फटच साधारण ६ कोटी वर्षांची!

यातला हॉल मला फार आवडतो. त्याला भट्टीत दगड वितळवून बघायचे होते. हटनला ते पटत नव्हतं. एवढ्याशा मुशीवरून पृथ्वीचं काय कळणार, असं त्याचं मत. हॉलने मान राखला आणि थांबला. १७९७ मध्ये हटन गेला आणि पुढच्याच वर्षी हॉलने निष्कर्ष मांडले. वितळलेला काळा दगड झटकन थंड केला तर काच होते, सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकांचा दगड. पुढे त्याने बंदुकीच्या नळीत चुनखडीची पूड बंद करून तापवली आणि संगमरवरासारखा पदार्थ मिळवला. माझ्या मेणाच्या खडूंपेक्षा जरा धाडसी प्रयोग!

आणि हो, पुस्तकातल्या गोल आकृतीवर जाऊ नका. चक्र एकाच दिशेने फिरत नाही. बेसाल्ट थेट झिजून काळी माती होऊ शकतो, पुन्हा वितळू शकतो किंवा दाबाखाली बदलू शकतो. ताईच्या अर्ध्या वर्गाला वाटत होतं की प्रत्येक दगडाचा नंबर ठरलेला असतो.

त्या मुलीला मी खरं ते सांगितलं. तुझी माती ओढ्यातून गोदावरीत जाईल, मध्ये एखाद्या धरणात अडकली नाही तर बंगालच्या उपसागरात. तिथे तिचा खडक होईलही आणि कधीतरी वर येईलही. पण त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. शेतात नवी सेंटीमीटरभर माती तयार व्हायलाही शेकडो वर्षं.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बांध आत्ताच घालायला पाहिजे."

ताईने फळा पुसला आणि त्या दिवशीचा गृहपाठ बदलला: घरच्या शेताचा बांध कुठे फुटलाय ते बघून चित्र काढून आणा.