पेटचे पुनर्चक्रण
पाण्याच्या बाटल्यांचे पेट (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट) हे पॉलिएस्टर व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडात तयार केले. वापरलेल्या बाटल्या शेवटी शहराच्या कचऱ्यात येतात. नारेगावच्या कचरा डेपोला २०१८ मध्ये ग्रामस्थांनी कडाडून विरोध केल्यावर औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) महापालिकेला हर्सूल, चिकलठाणा, पडेगाव येथील प्रक्रिया केंद्रांकडे वळावे लागले. अशा केंद्रात आलेल्या बाटलीचे भवितव्य यंत्रापेक्षा ती किती कोरडी आणि निवडलेली आहे यावर ठरते. पेट सुमारे २५०–२६० अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा उरलेला ओलावा एस्टर बंध तोडतो, रेणूंच्या साखळ्या आखूड होतात आणि माल ठिसूळ बनतो. चुकून मिसळलेल्या पीव्हीसीतून सुटणारे आम्ल ही मोडतोड वाढवते.

साखळ्या पुन्हा लांबवता येतात, मग निवडीचा आग्रह कशाला, असा आक्षेप येतो. घन अवस्थेतच निर्वातात तापवून किंवा साखळी जोडणारी रसायने घालून बळकटी परतते हे खरे. पण रंग आणि परके प्लास्टिक त्याने निघत नाही. ग्लायकॉलने पेटचे घटक सुटे करणारी पद्धत मळका माल अधिक सोसते, मात्र उष्णता आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये वर्णिलेला पेट पचवणारा जिवाणूही कमी स्फटिकी पेटवरच बरा चालतो. बाटलीचे पेट त्याहून अधिक स्फटिकी असते.