स्पर्श, श्वास आणि संसर्ग : वऱ्हाडातील साथी व भौतिकोपचारतज्ज्ञ

१

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना वैद्य, परिचारिका आणि शासकीय अधिकारी यांच्या कार्याची नोंद सामान्यतः घेतली जाते. ज्याचे प्रमुख उपकरण म्हणजे त्याचे स्वतःचे दोन हात, त्या भौतिकोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे लोकव्यवहारातील फिजिओथेरपिस्टचा, उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वास्तविक रुग्णाच्या शरीराशी इतका निकट आणि इतका दीर्घ संबंध फारच थोड्या व्यावसायिकांचा येतो. असे असता हा वर्ग इतिहासाच्या पानांतून निसटावा याचे कारण काय? प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तेव्हा या प्रश्नाचा विचार तो शब्दांच्या बाजूने करू इच्छितो. रोगाला, रोगाच्या प्रसारमार्गाला आणि रोग्याची शुश्रूषा करणाऱ्याला आपण जी नावे देतो, ती केव्हा देतो आणि ती देण्यास उशीर झाला म्हणजे त्याचे मोल कोण देते, हा या लेखाचा विषय होय. विवेचनाचे क्षेत्र अमरावती व अकोला हे वऱ्हाडातील दोन जिल्हे एवढेच मर्यादित ठेवले आहे. बाहेरची उदाहरणे केवळ तुलनेपुरती घेतली आहेत.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘संसर्ग’ हा शब्द सम् + सृज् यापासून सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ मिसळणे, निकट येणे असा आहे. ‘लागण’ हा शब्द ‘लागणे’ या क्रियापदापासून आला; चिकटणे, स्पर्श होणे हा त्याचा गाभा. ‘साथ’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे प्रवाशांचा तांडा याच्याशी आहे. गवयाला तबलजी करतो तीही साथ, संकटात शेजारी देतो तीही साथ, आणि गावात पसरते तीही साथच. तात्पर्य, मराठीतील रोगप्रसाराचे हे तीन प्रमुख शब्द मुळात माणसांच्या जवळिकीचे शब्द आहेत. लॅटिनमधून इंग्रजीत गेलेला ‘कंटेजन’ हा शब्दही ‘एकत्र स्पर्श’ असाच अर्थ सांगतो.

परंतु आपल्या प्राचीन वैद्यकाने केवळ स्पर्शाचाच विचार केला होता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या प्रकरणी रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो याची जी यादी दिली आहे, तीत अंगाचा स्पर्श, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे, दुसऱ्याचे वस्त्र, माला व लेप वापरणे यांच्याबरोबरच निःश्वासाचाही स्पष्ट निर्देश आहे. स्पर्श आणि श्वास ही दोन्ही कारणे तेथे शेजारी-शेजारी उभी आहेत. पुढच्या काळातील व्यवहाराने आणि शब्दसंपत्तीने मात्र स्पर्शाला अधिक धरून ठेवले. विटाळ आणि सोवळे यांच्या व्यवस्थेत तर स्पर्शाला सामाजिक शिक्षेचे रूप आले. ‘सामाजिक अंतर’ हा २०२० सालचा शब्दप्रयोग आपल्याकडे अनेकांना खुपला तो या स्मृतीमुळेच. ‘शारीरिक अंतर’ हा त्याचा पर्याय अर्थदृष्ट्या अधिक नेमका होता यात संशय नाही.

३

पाश्चात्त्य वैद्यकातही स्पर्श की श्वास हा वाद जुनाच आहे. १८९७ साली ब्रेस्लाउ येथील कार्ल फ्ल्यूगे याने बोलताना व खोकताना उडणाऱ्या थेंबांतून जंतू बाहेर पडतात हे दाखविले. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात प्लेगच्या निमित्ताने साथरोग कायदा झाला. १९१० साली अमेरिकेतील चार्ल्स चॅपिन याने हवेतून दूरवर रोग जातो ही समजूत टाकून द्यावी आणि निकट संपर्कावर भर द्यावा असे आग्रहाने प्रतिपादिले. या मताचा पगडा पुढे अनेक दशके टिकला.

अशा काळात १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. जून महिन्यात तो मुंबईत दिसला आणि पावसाळा सरल्यावर त्याची दुसरी, अधिक घातक लाट रेल्वेमार्गाने अंतर्भागात शिरली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-नागपूर मार्ग अकोला व बडनेरा या स्थानकांवरून जातो. कापसाच्या व्यापारामुळे या मार्गावर माणसांची वर्दळ मोठी होती. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या साथीत सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. लोकांनी या आजाराला ‘मानमोडी’ हे नाव दिले. लक्षणावरून पडलेले हे नाव अर्थपूर्ण आहे; लोकांनी डोळ्यांना दिसले ते सांगितले. शास्त्राजवळ तेव्हा खरे नाव नव्हतेच. फायफरने वर्णिलेला जंतू हेच कारण मानले जात होते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढण्यात यश आले ते १९३३ साली. म्हणजे पंधरा वर्षांनी. या अवधीत आजाऱ्याचे अंग चेपणारे, त्याला उठवून बसविणारे, पाणी पाजणारे हात कोणते होते? बहुधा घरातील स्त्रियांचे. त्या हातांची व्यवसाय म्हणून नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

४

अंगमर्दनाची परंपरा वऱ्हाडास अपरिचित नव्हती. अमरावती येथे १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्याच्या विद्येला आधुनिक शारीरिक शिक्षणाचे स्वरूप दिले. आखाड्यातील ‘मालिश’ हा शब्द फारसी ‘मालीदन’ म्हणजे चोळणे यापासून आलेला आहे, तर ‘मर्दन’ हा संस्कृत. आखाड्यात उस्ताद स्पर्श करतो तो निरोगी देहाला. रोगी देहाला स्पर्श करणे ही गोष्ट वेगळी.

त्या वेगळ्या गोष्टीचा धडा अमरावतीकरांना तपोवनात मिळाला. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या वतीने ही वसाहत उभी केली. कुष्ठरोग्याच्या स्पर्शाची भीती तेव्हा समाजाच्या हाडीमाशी खिळलेली होती आणि १८९८ च्या कायद्याने निर्धन रोग्यांना वेगळे ठेवण्यास आधारही दिला होता. वस्तुतः कुष्ठजंतूच्या संपर्कात येणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा रोग होतच नाही. त्यांची नैसर्गिक प्रतिकारशक्ती पुरेशी असते. ज्या रोगात स्पर्शाची भीती सर्वाधिक, त्यातच स्पर्शाचा धोका तुलनेने अत्यल्प, असा हा विपर्यास आहे. इतकेच नव्हे, तर आखडलेली बोटे सरळ राखण्यासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर स्नायूंना वळण लावण्यासाठी कुष्ठरोग्याला उपचारकाच्या स्पर्शाचीच गरज असते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी विकसित केलेली हाताची शस्त्रक्रिया या जोडीच्या उपचारावाचून निष्फळ ठरली असती.

५

व्यवसाय म्हणून भौतिकोपचाराची घडण होण्यास साथींनीच हातभार लावला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लंडनमध्ये १८९४ साली प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांची संस्था स्थापन झाली. १९४४ साली तिने ‘फिजिओथेरपी’ हा शब्द आपल्या नावात स्वीकारला. आपल्याकडे १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत, पोलिओने पंगू झालेल्या मुलांच्या गरजेतून, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने या विद्येचे शिक्षण सुरू झाले. भारतीय संघटना १९५५ ची. महाराष्ट्रात ‘व्यवसायोपचार व भौतिकोपचार’ परिषदेचा कायदा २००२ चा. हात शतकानुशतके राबत होते. नाव आले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि राज्याच्या कायद्यात शिरले ते एकविसाव्या शतकात.

६

आता प्रस्तुत विषयाचा मुख्य भाग. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत कोविडचे रुग्ण नोंदले गेले. तेव्हा भौतिकोपचारतज्ज्ञापुढे कोणता धोका होता? अतिदक्षता विभागात त्याला रुग्णाला पालथे करावे लागे, छातीतील कफ सुटावा म्हणून खोकण्यास लावावे लागे, श्वासाचे व्यायाम करवून घ्यावे लागत. ‘सहा फुटांचे अंतर’ हा नियम ज्याला पाळताच येत नाही असा हा व्यवसाय. रुग्णाचे तोंड आणि उपचारकाचे तोंड यांत हातभरही अंतर नसते, आणि ही स्थिती एका बैठकीत वीस-तीस मिनिटे टिकते. स्पर्श आणि श्वास येथे एकत्र येतात. सुश्रुताची यादी जणू एका माणसात उतरते.

हा धोका अनपेक्षित नव्हता. २००३ सालच्या सार्स साथीत नोंदलेल्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ म्हणजे सुमारे २१ टक्के रुग्ण आरोग्यसेवकच होते. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील पीटर थॉमस आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयीन भौतिकोपचारासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत कफ काढण्याच्या व खोकला आणविण्याच्या क्रिया सूक्ष्म तुषार निर्माण करणाऱ्या मानून हवेतून होणाऱ्या संसर्गाविरुद्धची पूर्ण दक्षता सांगितली होती. म्हणजे व्यवसायाच्या अंगणात जे ओळखले गेले होते, ते सर्वसाधारण सूचनांत मान्य होण्यास वेळ लागला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतील प्रसाराकडे लक्ष वेधणारे निवेदन केले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सार्वजनिक मजकुरात त्याचा स्पष्ट स्वीकार केला तो एप्रिल २०२१ च्या अखेरीस. तोवर आपण सारे हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर भर देत राहिलो. ‘संसर्ग’ आणि ‘लागण’ या शब्दांतील स्पर्शाने आपली कल्पनाशक्ती किती बांधली होती याचे हे उदाहरण होय.

येथे एका सामान्य समजुतीची दुरुस्ती करणे अगत्याचे वाटते. सर्वाधिक धोका अतिदक्षता विभागातच असणार असे आपण धरून चालतो. स्कॉटलंडमध्ये दीड लाखांहून अधिक आरोग्यसेवकांच्या नोंदींचा २०२० साली जो अभ्यास झाला, त्यात रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा संभव इतर सेवकांच्या सुमारे तिप्पट आढळला आणि त्यांच्या कुटुंबीयांचा जवळजवळ दुप्पट. परंतु हा भार अतिदक्षता विभागात नव्हे, तर रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी काम करणाऱ्यांवर अधिक पडला होता. कारण उघड आहे. जेथे रोग ठाऊक असतो तेथे संरक्षणाची सामग्री असते. जेथे तो ठाऊक नसतो तेथे माणूस निःशंक असतो. लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे दोन दिवस रोगी संसर्ग देऊ शकतो. मग पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याचा हात उचलणारा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजीला पहिली पावले टाकावयास लावणारा उपचारक अधिक उघडा नव्हे काय?

७

फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभर साथ ओसरल्याचा समज पसरला असतानाच अमरावती व अकोल्यात रुग्णसंख्या वेगाने वाढली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी पुकारण्यात आली. आरोग्यसेवकांच्या लसीकरणास १६ जानेवारीस प्रारंभ झालेला होता आणि दुसरी मात्रा १३ फेब्रुवारीपासून मिळू लागली होती. म्हणजे लाट आली तेव्हा संरक्षण अर्धेमुर्धेच होते. पुढे जगभर पसरलेल्या विषाणूप्रकाराला ‘डेल्टा’ हे नाव मिळाले ते ३१ मे रोजी. वऱ्हाडातील लाट तोवर देशव्यापी झालेली होती.

या काळात कायद्याच्या भाषेत भौतिकोपचारतज्ज्ञाचे स्थान काय होते? १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० साली जी दुरुस्ती झाली, तीत आरोग्यसेवकांच्या व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी आणि समाज-आरोग्यसेवक असे शब्द आहेत. भौतिकोपचारतज्ज्ञ ‘निमवैद्यकीय’ या मोघम शब्दात सामावून घ्यावयाचा. ५० लाख रुपयांची जी विमायोजना ३० मार्च २०२० पासून लागू झाली, ती सार्वजनिक सेवेतील आणि कोविडसाठी शासनाने पाचारण केलेल्या खाजगी सेवकांसाठी होती. स्वतःच्या लहानशा दवाखान्यात किंवा रुग्णाच्या घरी काम करणारा उपचारक त्या शब्दरचनेच्या बाहेर राहिला. शब्द मोघम असला म्हणजे नुकसान मात्र नेमके होते.

२८ मार्च २०२१ रोजी संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला आणि त्याच्या अनुसूचीत भौतिकोपचार हा स्वतंत्र वर्ग म्हणून नावानिशी आला. अमरावतीतील टाळेबंदीला तेव्हा पाच आठवडेही झाले नव्हते.

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मानमोडीचा विषाणू पंधरा वर्षांनी सापडला, हवेतील प्रसार वर्षभराने मान्य झाला, डेल्टाला नाव लाट उसळल्यावर मिळाले आणि उपचारकाचा व्यवसाय राष्ट्रीय कायद्यात नावाने आला तो दुसऱ्या लाटेच्या तोंडावर. प्रत्येक वेळी नाव मागून आले आणि हात अगोदरच पुढे झालेला होता. विषाणूचे नाव आधी ठरविणे कोणाच्या हाती नाही. परंतु माणसाचे नाव यादीत आधी घालणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढील साथीच्या नोंदवह्या आखताना आरोग्यसेवकांच्या रकान्यात व्यवसायाचे नाव स्वतंत्र लिहिले गेले, तर इतिहासकाराला पुन्हा असा लेख लिहिण्याचे कारण उरणार नाही. ‘साथ’ या शब्दाचा जुना अर्थ, बरोबर चालणे हा, अद्याप मराठीत जिवंत आहे. साथीत साथ देणाऱ्याची नोंद ठेवणे हे त्या शब्दाचेही ऋण आहे.