एका नोंदीचे चार पेनी

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: "दादा, मेडिकल कोडिंगचा कोर्स करू का? पैसे किती मिळतात?" मी स्वतः दोन वर्षं पुण्यात हे काम केलंय, सुरुवात महिना 14 हजारांवर. उत्तर शोधता शोधता थेट 17व्या शतकातल्या लंडनमध्ये पोचलो. चला, तुम्हालाही नेतो.

कोण कशाने मेलं याची यादी तिथे दर आठवड्याला छापायचे. माहिती आणायच्या चर्चने नेमलेल्या बायका, बहुतेक म्हाताऱ्या आणि गरीब. त्यांना 'सर्चर' म्हणत. प्रेत बघायचं आणि कारण सांगायचं. मजुरी? एका प्रेतामागे एक ग्रोट, म्हणजे 4 पेनी.

1662 मध्ये जॉन ग्राँट या कापड व्यापाऱ्याने या याद्या तपासून पुस्तक लिहिलं. गुप्तरोगाचे मृत्यू त्याला फारच कमी दिसले. कारणही त्याने दिलंय. घरच्यांनी पेलाभर बिअर पाजली, एकाऐवजी दोन ग्रोट हातावर ठेवले, की नोंद व्हायची 'क्षय'!

1893 मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बेर्तियाँ यांनी शिकागोत मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. आजचं आयसीडी त्यातूनच वाढलं. अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2015 ला आयसीडी-10 लागू केलं, तेव्हा निदानाचे कोड सुमारे 14 हजारांवरून 68 हजारांच्या पुढे गेले. या कोडवर हॉस्पिटलला पैसे मिळतात. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये हे काम करणाऱ्या निम्म्या लोकांची कमाई वर्षाला 48 हजार डॉलरहून जास्त होती. तिथल्याच पेशंटचे चार्ट पुण्यात, चेन्नईतही उघडतात. पगार मात्र इथला.

आता एक कबुली. मला लाच कुणी दिली नाही, पण रोजचं टार्गेट होतं. शिफ्ट संपत आली की पूर्ण चार्ट न वाचता 'अनस्पेसिफाइड' कोड टाकायचा मोह व्हायचा. काही वेळा टाकलाही. त्या पेशंटच्या नोंदीत माझी घाई कायमची राहिली. त्यामुळे त्या म्हाताऱ्यांना हसायची माझी हिंमत होत नाही.

तर मित्रा, कोर्स जरूर कर. पण इंटरव्ह्यूत पगारासोबत आणखी एक विचार: दिवसाला चार्ट किती? नोंद खरी राहणार की नाही, ते त्या आकड्यावर ठरतं.

भेटूया पुढच्या भागात!