मुंबईची ट्राम : डबा राहिला, माणूस गेला

आमच्या वाघोलीच्या रस्त्याने आज विजेच्या बसगाड्या धावतात, आणि लोकांना ही कालपरवाची नवलाई वाटते. मुंबईत 7 मे 1907 रोजीच विजेची ट्राम सुरू झाली होती. त्याआधी 1874 पासून तिला घोडे जुंपीत. वरच्या तारेतून वीज गाडीत येई, मोटारी फिरवी आणि चाकांवाटे रुळांत उतरे. ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकी. त्याच्या हातातले हँडल एकेक खाच पुढे सरके, तसा वेग वाढे. घाई केली की उतारू हिसका खात. हे कसब पुस्तकात नव्हते, मनगटात होते.

31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी अखेरची ट्राम गेली. पुढे मुंबईला तिची आठवण झाली तेव्हा कोलकात्याहून जुना डबा आणून भाटिया बागेत ठेवावा लागला! फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती 2019 साली पुरी झाली. त्या कामात मात्र मुंबईचे स्वतःचे रूळ जमिनीखालून निघाले.

डबा रंगवणे सोपे. पण पाय टेकून फळी कोठे झिजली, कोणता भाग बदलून कोणता बसवला, हे टिपून न घेता रंग चढवला की पुरावाच पुसला जातो. युनियनच्या कामात मी कितीतरी तक्रारअर्ज लिहिले. ‘ब्रेक उशिरा लागतो’, ‘उभे राहून पाय सुजतात’ – यंत्राची खरी हकीकत मला तेथेच वाचायला मिळाली.

वाघोलीच्या बसगाड्याही एक दिवस मोडीत निघतील. त्यांचे ड्रायव्हर सांगतात ते मी आतापासूनच वहीत उतरवू लागलो आहे.