रॉयल ऑपेरा हाउस, मुंबई

मुंबईत गिरगाव चौपाटीपासून थोड्या अंतरावर, चर्नी रोड परिसरात असलेले ऐतिहासिक नाट्यगृह. कोलकात्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे पारशी दलाल जहांगीर फ्रामजी काराका यांनी ते उभारले. बांधकाम अपुरे असतानाच 1911 साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. काम पुढच्या वर्षी पुरे झाले. बरोक शैलीची ही वास्तू तीन मजली प्रेक्षागृह, सोनेरी नक्षी आणि ससून घराण्याने दिलेली स्फटिकाची झुंबरे यांसाठी प्रसिद्ध आहे.

नाव ऑपेराचे असले, तरी वास्तूला जिवंत ठेवले ते मुख्यतः देशी कलावंतांनी. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची गाणी येथे रंगली. पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. बोलपटांचा जमाना आल्यावर रंगमंचाची जागा पडद्याने घेतली. नाट्यसंगीताच्या ओहोटीचा तो काळ होता. 1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. पुढे व्हिडिओ आणि केबलमुळे प्रेक्षक घटले आणि 1993 मध्ये नाट्यगृह बंद पडले.

वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली दीर्घ जीर्णोद्धार होऊन ते ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा सुरू झाले. 2017 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. आसपासच्या वस्तीला मुंबईकर आजही ‘ऑपेरा हाउस’ म्हणूनच ओळखतात.