मुंबई ते लंडन : मैल तेच, काळ निराळा

भूगोल शिकवताना मी मुलांना पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन यांमध्ये दोरा ताणायला लावतो. तो भरतो सुमारे साडेचार हजार मैलांचा, म्हणजे ७,२०० किलोमीटरांचा. हा दोरा इतिहासात कधी आखूड झाला नाही. आखूड झाला तो प्रवासाचा काळ. आणि त्या काळाने पुष्कळांची नशिबे घडवली, बिघडवली.

साताऱ्याचेच पाहा. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांच्या वतीने दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथेच झगडत राहिले. तेव्हा आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने लागत. मिसर देशातून खुष्कीने येणारे टपालही महिना-दीड महिना घेई. एका पत्राचे उत्तर यायचे म्हणजे ऋतू पालटायचा. १८४७ साली महाराज काशीस निवर्तले. पुढच्याच साली राज्य खालसा झाले. वकील लंडनमध्ये, धनी काशीत आणि मध्ये समुद्र, अशी ती कैफियत होती.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींची वाट हजारो मैलांनी घटली. १८७० साली समुद्रतळातून तार आली. निरोप माणसाच्या पुढे धावू लागला. माणसाने तो पल्ला गाठला विमानाने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. आज वाटेत न उतरता नऊ-दहा तासांत लंडन येते. परतताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून वेळ थोडा कमीच लागतो.

या वेगाची किंमतही मोजावी लागली. तेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ माणसे गेली. त्यांत बोटीवर कामाला निघालेले खलाशी बरेच होते. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' कोसळले. ११७ जण दगावले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्या विमानातली सरकारी टपालाची एक थैली २०१२ साली हिमनदीत सापडली. आत वर्तमानपत्रे होती, ४६ वर्षांपूर्वीची! शिडाच्या जहाजानेही टपालाला एवढा विलंब लावला नसता.

आज लंडनच्या लेकीला फराळाचा डबा धाडणाऱ्या आईला घोर एवढाच, की चकल्या मऊ पडायच्या आत तो पोचावा. काळजी लहान आहे खरी. पण ती एवढी लहान व्हायला पावणेदोनशे वर्षे आणि कित्येकांचे प्राण खर्ची पडले आहेत.